कॉकटेलचे ग्लास: आधी माप, मग आकार

घरी केलेलं कॉकटेल बारमधल्यासारखं लागत नाही अशी तक्रार कुणी केली, की मी आधी त्यांचा ग्लास बघायला मागते. दारू चांगली असते, लिंबू ताजं असतं, कृतीही बरोबर असते. ग्लास मात्र दुप्पट मोठा असतो. दुकानात दिसणारे तिकोनी मार्टिनी ग्लास बऱ्याचदा 250 ते 300 मिलीचे असतात आणि त्यात जाणारं पेय जेमतेम 130 मिली. तळाशी पडलेलं एवढंसं पेय बघून यजमानाला ओशाळल्यासारखं होतं, मग त्याचा हात सैल सुटतो. पाहुण्यासमोर दोन कॉकटेलांइतकं पेय येतं. त्यातलं निम्मं गार असतानाच संपतं आणि उरलेलं कोमट होत बसतं. पुण्यात वैशाखात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर पंधरा मिनिटांत त्याची सगळी रया जाते.

म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी माप, मग आकार, शोभा सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, बाकीच्या मद्यासाठी 25 वर्षांची, आणि मद्य बाळगायला-प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. पाहुणे बोलावताना हे ध्यानात असू द्या. जो गाडी चालवत परत जाणार आहे त्याच्यासाठी बिनमद्याचं पेयही तितक्याच निगुतीनं करा. त्याची एक कृती पुढे दिली आहे.

घरात आहेत ते ग्लास मोजा

नवे ग्लास आणण्याआधी कपाटातले बाहेर काढा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर रिकामा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा आणि ग्लास काठोकाठ पाण्यानं भरा. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, त्यामुळे जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीचा तो ग्लास. आकडा चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून बुडाला लावून टाका. काटा नसेल तर 30-60 मिलीच्या पेग मेजरनं मोजत भरा, वेळ लागतो पण काम होतं.

काठोकाठ भरलेला ग्लास उचलता येत नाही, म्हणून वर अर्धा सेंटिमीटर तरी मोकळा हवा. हा अर्धा सेंटिमीटर फसवा असतो. उंच सरळ ग्लासात तो काहीच नाही, पण नऊ सेंटिमीटर तोंडाच्या कूपमध्ये, म्हणजे पसरट वाटीच्या दांडीच्या ग्लासात, वरच्या तेवढ्या थरात सुमारे 30 मिली मावतं. म्हणजे 160 मिलीचा कूप प्रत्यक्षात 130 मिलीचाच समजायचा.

आता पेयाचं माप. 90 मिली घटक बर्फावर चमच्यानं ढवळले की बर्फाचं पाणी मिसळून ते 125 ते 130 मिली होतात. शेकरमध्ये जोरात हलवले तर 135 ते 140 मिली. हे पाणी म्हणजे भेसळ नाही, तो कृतीचाच भाग आहे. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, जिनवर 42.8 टक्के मद्यार्क छापलेला असतो. बर्फानं तो खाली आणला नाही तर जिभेला फक्त जळजळ कळते, बाकी काही नाही.

हे दोन हिशेब एकत्र मांडले की उत्तर आपोआप येतं. बर्फाशिवाय द्यायच्या पेयाला 150 ते 180 मिलीचा ग्लास पुरतो. त्याहून मोठा घेऊच नका.

तीन ग्लास पुरेत

दहा प्रकारचे दोन-दोन ग्लास जमवण्यापेक्षा तीन प्रकारचे सहा-आठ घ्या.

पहिला दांडीचा लहान ग्लास. दांडी शोभेची नाही. बर्फ नसलेल्या पेयाला तळहाताची ऊब लागू नये म्हणून ती आहे. यात कूप घ्या किंवा निक अँड नोरा. माझं मत निक अँड नोराच्या बाजूनं आहे. त्याची वाटी खोलगट असते आणि काठ किंचित आत वळलेला, त्यामुळे भरलेला ट्रे स्वयंपाकघरातून हॉलमध्ये नेताना सांडत नाही. गाद्या-तक्क्यांची भारतीय बैठक असेल तर वाकून ग्लास खाली ठेवताना तिकोनी मार्टिनी ग्लासातलं पेय हमखास चादरीवर जातं, यातलं जात नाही. आकार जुनाच. 1980च्या दशकाच्या अखेरीस डेल डिग्रॉफ यांनी न्यूयॉर्कच्या रेनबो रूम बारमध्ये तो पुन्हा वापरात आणला, आणि 1934च्या एका अमेरिकन सिनेमातल्या गुप्तहेर नवरा-बायकोवरून त्याचं हे नाव रूढ झालं.

दुसरा जाड बुडाचा बुटका ग्लास, ज्याला आपण सरळ व्हिस्की ग्लास म्हणतो. 300 मिलीच्या आसपासचा घ्या, म्हणजे बर्फाचा एक मोठा तुकडा आणि 100 मिली पेय दोन्ही बसतात. बूड जाड असतं ते साखर आणि फळ ग्लासातच चेचता यावं म्हणून. ओल्ड फॅशन्ड हे याच ग्लासाचं दुसरं नाव, आणि ते पेयावरून आलंय. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रानं कॉकटेल म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) अशी व्याख्या छापली होती. पुढे बारवाले त्यात नाना गोष्टी घालू लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं ‘जुन्या पद्धतीचं द्या’ असं सांगू लागली.

तिसरा उंच, सरळ भिंतीचा हायबॉल, 300 ते 350 मिली. सोडा, टॉनिक, जिंजर एल घातलेली पेयं यात. अरुंद तोंडामुळे पेयाचा पृष्ठभाग कमी राहतो आणि वायू टिकतो. इथेही मोठ्या मापाचा मोह टाळा. 450 मिलीच्या ग्लासात 60 मिली जिन घालून वर सोडा भरला की चव पाणचट होते, मग माणूस आणखी एक पेग ओततो आणि किती घेतलं याचा हिशेब सुटतो. 300 मिलीचा ग्लास बर्फानं शिगोशीग भरला की वरून 150 ते 180 मिलीच पेय मावतं. एक पेग आणि त्याच्या दुप्पट सोडा, एवढंच.

बाकीच्या ग्लासांसाठी फार जीव टाकू नका. मार्गारिटा व्हिस्की ग्लासात अर्ध्याच काठाला मीठ लावून द्या. ज्याला खारट नको तो दुसऱ्या बाजूनं पितो. स्पेनमध्ये जिन-टॉनिक मोठ्या फुगीर ग्लासात देतात, तिथे घरातला रेड वाइनचा ग्लास चालतो. शॅम्पेनचा उंच, अरुंद फ्लूट वर्षातून एकदा लागत असेल तर निक अँड नोरानं वेळ मारून नेता येते. पिन्या कोलाडासारख्या मिक्सरमधल्या दाट पेयाला हरिकेन ग्लास सांगतात. पुण्यात कुणाच्या घरी मस्तानीचे उंच ग्लास असतील तर तेच काढा, झकास दिसतात. गरम टॉडीला (कढत पाणी घातलेल्या मद्याला) अमृततुल्यातला चहाचा ग्लास चालतो, तो दिवसभर उकळता चहा सोसतोच. बाकीच्या साध्या काचेच्या ग्लासात मात्र गरम पेय ओतू नका. साधी सोडा-लाइम काच बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते आणि अचानक तापली की तडकते. आयरिश कॉफी करायची असेल तर बोरोसिलिकेटचाच ग्लास घ्या.

पुण्यात कुठे आणि कसे घ्यावेत

रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात घरगुती काचसामान ठोक भावानं मिळतं, तुळशीबागेत सुटं मिळतं. येरा, ओशन, बोरोसिल अशी नावं दिसतील. नावापेक्षा खोक्यावर छापलेल्या मिलीच्या आकड्याकडे आधी बघा. तो काठोकाठ मापाचा असतो. आकडा नसेल तर पाण्याची बाटली आणि पेग मेजर बरोबर न्या आणि काउंटरवरच मोजा. दुकानदार कुतूहलानं बघतो, नाही म्हणत नाही.

ग्लास हातात घेतला की काठावरून बोट फिरवा. स्वस्त ग्लासाचा काठ गोल, जाड मण्यासारखा असतो. चांगल्याचा पातळ आणि सपाट. पेय ओठावर येतं ते काठावरून, त्यामुळे पैसे कुठे वाचवायचेच असतील तर ते इथे नकोत. मग ग्लास सपाट जागेवर ठेवून डुगडुगतो का बघा. उजेडाकडे धरून दांडी आणि वाटी जिथे जुळतात तो सांधा न्याहाळा, बारीक भेग असली तर तिथेच असते. शेवटी नखानं टिचकी मारा. दांडीचा धड ग्लास किणकिणतो, तडा गेलेला बद्द वाजतो.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधीकधी जुने कोरीव काचेचे ग्लास, सुरया हाती लागतात. घ्यायला हरकत नाही, पण हातात वजनदार आणि फार चमकदार वाटली तर ती शिशाची क्रिस्टल काच असू शकते. अशा सुरईत दारू साठवून ठेवू नका, शिसं हळूहळू उतरतं. काठावर सोनेरी किंवा रंगीत नक्षी असलेले जुने ग्लास फक्त शोकेससाठी.

तांब्याचा मग: कल्हई विचारल्याशिवाय घेऊ नका

यावर थोडं जास्त लिहिते, कारण पुणेकराला ही गोष्ट जगातल्या कुठल्याही बारटेंडरइतकी नीट कळू शकते. मॉस्को म्यूल हे व्होडका, लिंबू आणि जिंजर बिअर (आल्याचं फसफसतं पेय) यांचं पेय 1940च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालं आणि ते तांब्याच्या मगमधूनच देण्याची पद्धत पडली. तांबं उष्णता झटकन वाहून नेतं. बर्फ पडताच अख्खा मग गार होतो, बाहेर दव जमतं, ओठाला काठ गार लागतो. हाताची उष्णताही तितक्याच झटकन आत जाते, म्हणून त्याला कान हवाच.

पण पेयात लिंबू आहे. आंबट पदार्थ उघड्या तांब्यात ठेवला की कळकतो, हे आपल्या घरात ताक आणि चिंचेवरून लहान पोरांनाही माहीत असायचं. आम्लात तांबं विरघळतं आणि जास्त झालं तर मळमळ, उलटी होते. उपायही आपलाच जुना आहे: आतून कल्हई. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवेकाळापासून तांब्याची भांडी घडवली जातात. ठोक्यांच्या ओळींनी भांड्याला जी चमक आणि बळकटी येते, त्या मठारकामासाठी ही आळी नावाजलेली आहे. तांब्याचा मग तिथे घडवून घ्यायचा तर कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: माप 350 ते 400 मिली, कान पक्का जोडलेला, आतून आणि काठाच्या बाहेर बोटभर कल्हई. ओठ जिथे टेकतो तिथपर्यंत ती आली पाहिजे.

तयार मग घेत असाल तर आत डोकावून बघा. आतली बाजू रुपेरी दिसली तर कल्हई किंवा स्टीलचं अस्तर आहे. तांबूस दिसली तर तो पाणी पिण्यापुरता ठेवा. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, ती तारेच्या घासणीनं निघून जाते. आत मऊ स्पंज, बाहेर चिंच किंवा पितांबरी, आणि आत तांबूस ठिपके दिसायला लागले की पुन्हा कल्हई.

पेय सोपं आहे: मग बर्फानं भरा, 45 मिली व्होडका, 15 मिली लिंबाचा रस, वर 120 मिली गार जिंजर बिअर. एकदाच तळापासून चमचा फिरवा.

गारवा आणि बर्फ

दांडीचे ग्लास पाहुणे यायच्या अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. त्या आधी फ्रीजरचा वास घ्या. सुरमईची पिशवी किंवा उघडी वाटलेली आलं-लसूण शेजारी असेल तर वास काठाला चिकटतो आणि मार्टिनीसारख्या नितळ पेयात लगेच कळतो. जागा नसेल तर ग्लासात बर्फ आणि पाणी घालून पाच मिनिटं ठेवा आणि पेय ओतायच्या क्षणी फेकून द्या.

व्हिस्की ग्लाससाठी मोठा, स्वच्छ बर्फ घरी होतो आणि त्याला वेगळं काही लागत नाही. पोळ्यांचा इन्सुलेटेड डबा घ्या, पाऊण भरेल इतकं पाणी घाला आणि झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. बाजूनं आणि खालून थंडी आत येत नाही, त्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा व क्षार खाली ढकलले जातात. साधारण 16 ते 20 तासांनी, तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच, बाहेर काढून उपडा करा. वरचा भाग काचेसारखा पारदर्शक निघतो. दहा मिनिटं बाहेर राहू द्या, मग दातेरी सुरीनं चर पाडून तुकडे करा. गोठलेल्यावर लगेच सुरी मारली तर तो भलतीकडे तडकतो. मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं कमी असतो, म्हणून तो सावकाश वितळतो. शेकरसाठी मात्र नेहमीच्या ट्रेमधलाच बर्फ वापरा, फक्त तो कोरडा, नुकता काढलेला असावा.

ग्लासाप्रमाणे पेयं

दांडीच्या ग्लासासाठी पहिलं पेय डायकिरी करा, कारण त्यात लपवायला जागा नाही. 50 मिली व्हाइट रम, 20 मिली ताजा लिंबाचा रस, 15 मिली साखरेचा पाक. पाकासाठी साखर आणि पाणी समान वजनानं घेऊन फक्त विरघळवा, उकळून आटवू नका. लिंबं मंडईतून पातळ सालीची, हातात जड लागणारी आणा आणि रस त्याच संध्याकाळी काढा. तिन्ही घटक शेकरमध्ये, मग बर्फ वरपर्यंत, आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. शेकरच्या बाहेर पांढरं दव येतं आणि धरवत नाही इतका गार होतो, ती खूण. आता ग्लास फ्रीजरमधून काढा, दांडीला धरून. बारच्या गाळणीखाली चहाची बारीक गाळणी धरून ओता, म्हणजे बर्फाचे कण आणि लिंबाचा गर मागे राहतो. वर फेसाची पातळ साय येते आणि पेय काठाच्या अर्धा सेंटिमीटर खाली थांबतं. ग्लासाचं माप जमलंय हे तिथेच दिसतं. लिंबाची चकती खोचू नका. ती नाकाला लागते आणि आंबटपणा बिघडवते.

मार्टिनी त्याच ग्लासात, पण ढवळून: 60 मिली जिन, 15 मिली ड्राय व्हर्मूथ, भरपूर बर्फावर अर्धा मिनिट. व्हर्मूथ ही वाइनच आहे. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

व्हिस्की ग्लासात ओल्ड फॅशन्ड: एक चमचा साखर, दोन-तीन थेंब बिटर्स, चमचाभर पाणी, साखर विरघळेपर्यंत घोटा, मग 60 मिली व्हिस्की आणि बर्फाचा मोठा तुकडा. संत्र्याच्या सालीचा तुकडा वर पिळून त्याचं तेल पेयावर उडू द्या. नेग्रोनीही इथेच, जिन, गोड व्हर्मूथ आणि कॅम्पारी (कडसर लाल मद्य) प्रत्येकी 30 मिली.

हायबॉलमध्ये क्रम महत्त्वाचा: बर्फ, मद्य, आणि सोडा सगळ्यात शेवटी, ग्लासाच्या भिंतीवरून. चमचा एकदाच तळातून वर उचला. गोल गोल ढवळलं की वायू उडून जातो. सोड्याच्या लहान बाटल्या आणा आणि आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. थंड द्रवात वायू जास्त वेळ धरून राहतो.

बिनमद्याचं पेय याच ग्लासात: 20 मिली कोकमाचं आगळ, 20 मिली साखरेचा पाक, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, बर्फ, वर 130 मिली सोडा. आगळात मीठ असतं, वेगळं घालू नका. रंग असा सुरेख येतो की बाकीचेही तेच मागतात.

धुणं, पुसणं, ठेवणं

कॉकटेलचे ग्लास खरकट्या ताटांबरोबर सिंकमध्ये टाकू नका. फोडणीच्या तेलाचा पुसटसा थर राहिला तरी पेयावरचा फेस विरून जातो. साबणाचा अंश राहिला तरी तेच. कोमट पाणी, थोडा साबण, वेगळा स्पंज, भरपूर खळखळून धुणं. दांडीचे ग्लास फुटतात ते बहुधा पडून नाही, पुसताना: एका हातानं बूड धरतात, दुसऱ्यानं वाटी पिळतात आणि दांडी मोडते. वाटी पुसताना वाटीच धरा, बूड पुसताना बूड.

ज्या सोसायट्यांमध्ये बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे ग्लासांवर पांढुरके डाग धरतात. ते क्षारांचे असतात, घासून जात नाहीत. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग शेवटचं पाणी आरओचं वापरा आणि ओले असतानाच जुन्या, मऊ झालेल्या मलमलीनं पुसा. नवा पंचा तंतू सोडतो. ग्लास सुलटे ठेवा. उपडे ठेवले तर बंद कपाटाचा वास आत कोंडतो, आणि सगळ्यात नाजूक भाग, काठ, त्यावरच भार येतो. धुळीसाठी वरून स्वच्छ कापड टाका.

सहा जणांचा बेत असेल तर व्हिस्की ग्लास आणि हायबॉल सहा-सहा पुरतात, ते सहसा दणकट असतात. दांडीचे मात्र आठ घ्या. एखादा फुटतोच, आणि तोच आकार वर्षभरानं दुकानात मिळेल याची खात्री नसते.